भिंतीवरचा फार्मासिस्ट

नगर जिल्ह्यात दशक्रियेला आधी प्रवचन होते आणि मग श्रद्धांजलीची भाषणे. कारखान्याचे संचालक, माजी सभापती, पतसंस्थेचे चेअरमन अशा ज्याच्या त्याच्या मानाप्रमाणे माईक फिरत जातो. गावातला जुना मेडिकलवाला गेलेला असेल तर या भाषणांत एक वाक्य हटकून येते : "आण्णा नुसते मेडिकलवाले नव्हते, गोरगरिबांचे डॉक्टरच होते." समोर बसलेले माना डोलावतात. चौकात फ्लेक्स लागलेला असतो, केमिस्ट असोसिएशनने अंत्ययात्रेच्या दिवशी दुपारपर्यंत दुकाने बंद ठेवलेली असतात. तालुक्याच्या गावाने एका दुकानदाराला एवढा मान द्यावा, हे काही थोडे नाही.

पण ते वाक्य चुकीचे आहे. आण्णा डॉक्टर नव्हते. ज्या ज्या वेळी ते डॉक्टर झाले त्या त्या वेळी त्यांनी कायदा मोडला, आणि क्वचित एखाद्याच्या किडनीलाही धक्का दिला असेल. त्यांचे मोठेपण फार्मासिस्ट असण्यात होते. त्याबद्दल मात्र दशक्रियेला कोणी चकार शब्द काढत नाही, कारण फार्मासिस्ट नेमके काय करतो हे गावाला ठाऊक नसते. सरकारला ठाऊक असते. पण सरकार ते कागदावर लिहून मोकळे झाले आहे.

राहुरी, नेवासे, पाथर्डी, शेवगाव, अकोले, जामखेड, कोणतेही गाव घ्या. एसटी स्टँडजवळ किंवा जुन्या पेठेत एक मेडिकल असे, आणि त्याचा मालक गावाला नावाने कमी, 'मेडिकलवाले' म्हणूनच जास्त माहीत असे. त्यांची ही पिढी आता एकेक करून जाते आहे. १९४८ च्या फार्मसी कायद्याने देशात नोंदणीकृत फार्मासिस्ट ही जात निर्माण केली, तेव्हा पहिल्या नोंदवहीत शिकलेल्यांबरोबर अनुभवी कंपाउंडरांनाही जागा दिली होती. दवाखान्यात पाच-पाच वर्षे मिक्श्चरे ढवळलेले लोक त्यात आले. मागाहून दोन वर्षांचा डी.फार्म. करून आलेली पोरे त्यांच्या हाताखाली तयार झाली. पेशंटने घरून धुऊन आणलेली बाटली, तिच्यात भरलेले लाल किंवा पांढरे मिक्श्चर, बाटलीला बाहेरून चिकटवलेली कात्रीने दाते पाडलेली कागदाची पट्टी. एका दात्याइतके औषध म्हणजे एक डोस. अक्षरओळख नसलेल्या म्हातारीलाही ती पट्टी वाचता येई. कंपन्यांच्या तयार गोळ्या आल्या, पट्टी गेली. पण पट्टीमागचे डोके त्या पिढीत शिल्लक राहिले.

ते डोके कशात दिसे? गोळ्यांची पट्टी कापण्यात. सहा गोळ्या मागितल्या तर कोणीही कात्री घेऊन सहा कापून देईल. जाणता फार्मासिस्ट बॅच नंबर आणि एक्सपायरी छापलेली बाजू शेवटपर्यंत ठेवतो आणि दुसऱ्या टोकाकडून कापत येतो, म्हणजे डब्यात उरलेला तुकडा कधीचा आणि कोणत्या बॅचचा हे अखेरच्या गोळीपर्यंत कळते. कागदी पाकिटावर पेनाने तीन रेघा : सकाळ, दुपार, रात्र. दुपारची नसेल तर मधल्या रेघेवर फुली. जेवणाआधीची गोळी असेल तर पाकीट दुमडून देताना तोंडीही सांगणे, आणि पायरी उतरलेल्या माणसाला पुन्हा हाक मारून त्याच्याच तोंडून वदवून घेणे. राज्यात बारा-बारा तासांचे भारनियमन होते त्या वर्षांत इन्सुलिनच्या बाटल्या दोन ते आठ अंश तापमानात सांभाळायला काही दुकानदारांनी बर्फाचे डबे वापरले, काहींनी रात्री बाटल्या घरच्या फ्रीजमध्ये नेल्या. हे त्यांना कोणी शिकवले नव्हते, आणि ते बिलातही लावता येत नव्हते.

आणि मुख्य म्हणजे ते डोके नाही म्हणण्यात दिसे. नगर हा दुधाचा जिल्हा. संकरित गाईंना पान्हा सोडायला लावणारे ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन मागायला लोक येत, माणसांच्या आणि जनावरांच्या औषधांचे दुकान एकच असले तर हमखास येत. डायक्लोफिनॅकचेही तसेच. जनावरांसाठी ते २००६ साली बंद झाले, कारण ते टोचलेल्या मेलेल्या जनावरांचे मांस खाऊन गिधाडे संपत चालली होती. मग माणसांसाठीची मोठी बाटली गोठ्यात जाऊ लागली, तेव्हा २०१५ मध्ये सरकारने ती बाटलीही बंद करून एका डोसाची छोटी कुपी तेवढी ठेवली. हे राजपत्रात छापून आले. गोठ्यापर्यंत ते पोहोचवले काउंटरवरच्या माणसाने, गिऱ्हाईक तोडून. ऊसतोडीच्या हंगामात पाथर्डी-शेवगावकडून, पलीकडच्या बीडमधून आलेल्या टोळ्या कारखान्यांच्या शिवारात उतरतात. मोळ्या उचलून उचलून कंबर गेलेल्या बायका रोज संध्याकाळी 'दुखायच्या दोन' मागतात. रोज दोन, पाच महिने. त्या बाईला "आक्का, रिकाम्या पोटी घेऊ नका, आणि आठवडा झाला, आता डॉक्टरला दाखवा" असे सांगणारा एकच शिकलेला माणूस तिच्या वाटेवर असतो. गोरे होण्यासाठी स्टेरॉइडचे मलम मागणारी पोर, अंगावर मांस येण्यासाठी गोळ्या मागणारा तालमीतला पोरगा, अशी यादी लांबवता येईल.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर हेही दशक्रियेचे भाषण व्हायचे. याच काउंटरवरून चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिकच्या तीन-तीन गोळ्या वर्षानुवर्षे गेल्या. कोर्स पुरा करायचा असतो हे माहीत असूनही गेल्या, कारण गिऱ्हाइकाच्या खिशात तीनच गोळ्यांचे पैसे होते आणि शेजारचा दुकानदार देतच होता. २०१४ पासून शेड्युल एच-वन आले : काही अँटिबायोटिके, क्षयाची औषधे, झोपेच्या काही गोळ्या यांची वेगळी वही, त्यात डॉक्टरचे नाव, पेशंटचे नाव, किती दिले ते, आणि ती वही तीन वर्षे जपायची. कित्येक दुकानांत ही वही इन्स्पेक्टर येणार असल्याचा फोन आल्यावर, एकाच पेनाने, एकाच बैठकीत भरली गेली. गावाने ज्याला 'डॉक्टर' म्हणून गौरवले तो माणूस हा. औषधांना दाद न देणारे जंतू वाढण्यात त्याचाही वाटा आहे.

मग एकाच माणसात हे दोन कसे? स्वभावात शोधू नका, गल्ल्यात शोधा. औषध किंमत नियंत्रण आदेश २०१३ प्रमाणे किमती ठरवून दिलेल्या औषधांवर किरकोळ दुकानदाराला १६ टक्के मार्जिन मिळते, इतर औषधांवर साधारण २० टक्क्यांचा रिवाज आहे. म्हणजे जे काही मिळायचे ते माल विकून. समजावून सांगण्याचे शून्य, औषध नको म्हणण्याचे उणे. ज्या कामासाठी त्याला शिकवले त्याचा मोबदला नाही आणि जे काम वाण्याचे तेवढ्याचा आहे. अशा व्यवस्थेत जो कधीमधी नाही म्हणाला त्याने ते स्वतःच्या खिशातून म्हटले. आमच्या मते त्या पिढीचा खरा हिशेब एवढाच आहे. तिने जे चुकीचे केले त्याचे तिला पैसे मिळाले, जे बरोबर केले ते फुकट गेले.

कायदा या माणसाबद्दल काय म्हणतो तेही पाहण्यासारखे आहे. फार्मसी कायद्याच्या कलम ४२ प्रमाणे डॉक्टरच्या चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टखेरीज कोणी द्यायचे नाही. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमावलीने तर पुढचे पाऊल टाकले. औषधाचे नाव, ते कशासाठी, कसे घ्यायचे, काय त्रास होऊ शकतो, घरी कसे ठेवायचे, एखादा डोस चुकला तर काय करायचे, हे फार्मासिस्टने स्वतः पेशंटला सांगितले पाहिजे. अंगात स्वच्छ पांढरा कोट हवा, त्यावर नाव हवे. वाचताना वाटते, ही नियमावली लिहिणाऱ्यांनी तालुक्याच्या गावातला एखादा जुना फार्मासिस्ट पाहून ती लिहिली असावी; कोट तेवढा वरून चढवला. फक्त हे सगळे करण्याचे पैसे कोण देणार, या एका प्रश्नापाशी नियमावली गप्प बसते.

शिवाय कायद्याची एक गंमत अशी की फार्मासिस्टच्या ज्ञानाचा जिथे खरा उपयोग व्हायचा, तिथे त्याचे हात बांधलेले. डॉक्टरांनी औषधाच्या मूळ नावाने चिठ्ठी लिहावी असे एकीकडे सांगायचे, आणि दुसरीकडे औषध नियमांतील नियम ६५ खाली, चिठ्ठीवर ज्या ब्रँडचे नाव आहे त्याऐवजी दुसरे देण्यास दुकानदाराला मनाई करायची. तेच औषध, तेवढ्याच मिलिग्रॅमचे, निम्म्या किमतीत त्याच्या मागच्या कप्प्यात पडलेले असते. तो ते देऊ शकत नाही. दिलेच तर गुपचूप देतो, आणि एकदा गुपचूप द्यायची सवय लागली की स्वस्ताऐवजी जास्त मार्जिनचेही देता येते. चांगले काम लपून करायला लावले की त्याच आडोशाला वाईटही उभे राहते.

ही पिढी गेल्यावर तिच्या जागी काय येते आहे? दुकाने कमी होत नाहीत, वाढतच आहेत. फार्मसी कॉलेजांचीही आपल्याकडे वाण नाही. प्रवरेला आहे, संगमनेरला अमृतवाहिनीचे आहे, विळद घाटात आहे, शिवाय आजूबाजूच्या तालुक्यांत आहेतच. दरवर्षी पोरे पास होतात, मुंबईच्या राज्य फार्मसी कौन्सिलकडे नोंदणी होते, प्रमाणपत्र येते, फ्रेम होते आणि भिंतीवर जाते. पोरगा मात्र पुण्याला कंपनीत, किंवा घरच्या शेतात, किंवा स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत. प्रमाणपत्राचे महिन्याचे भाडे त्याच्या खात्यावर जमा होते. काउंटरवर दहावी-बारावी झालेला हुशार मुलगा उभा असतो, ज्याला औषधांच्या डब्यांचे रंग आणि कप्पे तोंडपाठ असतात. त्याला नावे ठेवण्यात अर्थ नाही. तो नेमून दिलेले काम करतो. पण त्याला दोन औषधे एकमेकांशी भांडतात का हे विचारले तर तो तुमच्याकडे पाहत राहील.

भाड्याच्या प्रमाणपत्रांचा हा धंदा काही गुपित नाही. २०१२ च्या सुमारास महेश झगडे हे अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त असताना त्यांनी 'फार्मासिस्ट नाही तर औषधविक्री नाही' हे अक्षरशः अमलात आणायला घेतले. राज्यभर दुकानांची तपासणी झाली, परवाने निलंबित झाले, केमिस्टांच्या संघटना संपावर गेल्या. एवढे फार्मासिस्ट आणायचे कुठून, हा त्यांचा सवाल होता. आयुक्त बदलले, वारे पडले. आज फार्मासिस्ट भरपूर आहेत, तरी काउंटर तसाच आहे; म्हणजे अडचण संख्येची नव्हती. १६ टक्क्यांत मालकाचे घर, दुकानाचे भाडे, वीज, मुदत संपलेल्या मालाचा तोटा आणि शिवाय शिकलेल्या माणसाचा पगार बसत नाही. भाड्याचा कागद बसतो.

पूर्वी पेठेतल्या मेडिकलवर चार डॉक्टरांच्या चिठ्ठ्या येत. आता हॉस्पिटल तिथे त्याचे स्वतःचे मेडिकल. चिठ्ठी वरच्या मजल्यावर लिहिली जाते आणि औषध तळमजल्यावर मिळते. त्या दोन मजल्यांमध्ये चिठ्ठीकडे तिऱ्हाईत नजरेने पाहणारा कोणी नसतो. 'डॉक्टरसाहेब, हा डोस लहान मुलाला जास्त होतोय, बघता का' असा फोन आता करायचा कोणी, आणि कोणाला? हॉस्पिटलच्याच मेडिकलमधून औषध घेण्याच्या सक्तीचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. मार्च २०२५ मध्ये न्यायालयाने धोरण ठरवण्याचे काम राज्यांवर सोपवले. उरलेले गिऱ्हाईक मोबाइलवर गेले. ऑनलाइन औषधविक्रीच्या नियमांचा मसुदा ऑगस्ट २०१८ मध्ये निघाला, महिन्याभरात २८ सप्टेंबरला देशभरच्या दुकानदारांनी बंद पाळला, आणि मसुदा मसुदाच राहिला. विक्री थांबली नाही.

ऑनलाइन खरेदी स्वस्त पडते हे आम्ही नाकारत नाही. महिन्याला दोन हजारांच्या गोळ्या लागणाऱ्या निवृत्त मास्तरांनी पेठेतल्या दुकानाच्या प्रेमापोटी तीनशे रुपये जास्त का मोजावेत? जनऔषधी केंद्रांनी तर गरिबाचे बिल खरेच उतरवले. भाबड्या आठवणींपायी कोणी ही सोय सोडू नये. प्रश्न एवढाच की स्वस्त पाकिटाबरोबर माणूस येतो का.

तो का हवा, याचे उत्तर ऑक्टोबर २०२५ ने दिले. मध्य प्रदेशात छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या औषधाने लहान मुले दगावली. कोल्ड्रिफ नावाच्या त्या सिरपमध्ये डायएथिलिन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य सापडले. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने लोकांना सावध केले : एसआर-१३ या बॅचची बाटली घरात असेल तर वापरू नका. हा विषार आपल्याला नवा नाही. १९८६ साली मुंबईच्या जे.जे. रुग्णालयात याच द्रव्याची भेसळ असलेल्या ग्लिसरीनने १४ जणांचा बळी घेतला होता आणि न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने औषध प्रशासनाची लक्तरे वेशीवर टांगली होती. अशा वेळी आदेश मुंबईहून निघतो, मोबाइलवर फिरतो. पण अमुक बॅचची बाटली वाडीवरच्या कोणत्या घरात फळीवर ठेवलेली आहे, हे कोणाला माहीत असते? ज्याने ती दिली त्याला, आणि तेही त्याने बिल केले असेल किंवा घेणाऱ्याला तो ओळखत असेल तर. बॅच नंबरची बाजू शेवटपर्यंत न कापणाऱ्या माणसाचे महत्त्व त्या आठवड्यात होते.

या जिल्ह्याला हे समजायला जड जाऊ नये. गंगाधरशास्त्री गुणे यांनी १९१७ साली नगरात आयुर्वेद महाविद्यालय काढले आणि 'औषधी गुणधर्मशास्त्र' लिहून औषध देणाऱ्याने औषध जाणले पाहिजे हा आग्रह धरला. १९७० मध्ये रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने जामखेडला काम सुरू केले, आणि जेमतेम शिकलेल्या किंवा अजिबात न शिकलेल्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. त्यांच्याजवळ औषधे मोजकी होती, सांगणे पुष्कळ होते. समजावून सांगणे हाही उपचार असतो हे जगाने जामखेडला येऊन पाहिले. जामखेडच्या एसटी स्टँडसमोरच्या मेडिकलला मात्र ते लागू करावे असे कोणाला सुचले नाही.

इंग्लंडमध्ये ३१ जानेवारी २०२४ पासून घसा, कान, सायनस, बायकांचा लघवीचा जंतुसंसर्ग अशा सात साध्या तक्रारींसाठी लोक थेट फार्मासिस्टकडे जातात. तो तपासतो, गरज असेल तर औषध देतो, नसेल तर देत नाही, आणि त्या सल्ल्याचे पैसे सरकार देते. आपल्याकडे लगेच तसे करा असे आम्ही म्हणणार नाही. भाड्याच्या कागदांवर एवढा अधिकार चढवला तर अनर्थ होईल. पण समजावण्याचे पैसे देण्याची कल्पना आपल्या सरकारला परकी नाही. क्षयरोगाच्या कार्यक्रमात रुग्णाला वेळच्या वेळी गोळ्या घ्यायला लावणाऱ्या उपचार सहाय्यकाला सरकारच मानधन देते. जनऔषधी केंद्रांनाही खरेदीच्या प्रमाणात प्रोत्साहन रक्कम मिळते. त्या रकमेचा काही भाग, किती माल उचलला यापासून सोडवून, किती मधुमेही आणि रक्तदाबाच्या रुग्णांना महिन्याच्या महिन्याला बसवून समजावले याला जोडता येईल. या रुग्णांच्या याद्या उपकेंद्रांत आहेत, खरेखोटे आशाताईंकडून पडताळता येते. एका तालुक्यात करून पाहा. खर्च फार नाही, आणि काउंटरवर फार्मासिस्ट उभा करणे दुकानदाराला प्रथमच परवडेल.

तोवर एक काम बिनखर्चाचे आहे. प्रत्येक मेडिकलच्या पाटीवर दुकानाच्या वेळा लिहिलेल्या असतात. त्याखाली फार्मासिस्टचे नाव आणि तो हजर असण्याच्या वेळाही लिहिण्याची सक्ती अन्न व औषध प्रशासनाने करावी. नवा कायदा लागणार नाही, परिपत्रक पुरे. कायद्याप्रमाणे या दोन्ही वेळा एकच निघायला हव्यात.